देवरूख ते कोल्हापूर: बंद पडलेली जीप आंबा घाटातून वर आणताना

कोकणात पडवीत, गोठ्यात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या जुन्या जीपा घ्यायला कोल्हापुरातून बरेच जण जातात. सौदा ठरतो, बयाणा दिला जातो आणि मग ती घाट चढवून आणायची कशी, यावर घरात चर्चा सुरू होते. मी आणि माझा मामेभाऊ देवरूखजवळच्या एका वाडीतून महिंद्रा एमएम ५४० घेऊन आलो. इंजिन बंद, ब्रेक जाम, टायर बसलेले. अंतर शंभरेक किलोमीटर, पण मध्ये आंबा घाट.

आपल्या गाडीमागे जोडायचा ट्रेलर आपल्याकडे सुटा भाड्याने सहसा मिळत नाही. ट्रेलरची आरटीओत स्वतंत्र नोंदणी लागते. त्यामुळे भाड्याने घ्यायची ती ड्रायव्हरसकट गाडीच. दोर बांधून ओढत आणायचा विचार असेल तर तो सोडा. नियमाने दोन गाड्यांमध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही आणि मागच्या गाडीत लायसनवाला माणूस बसवावा लागतो. ब्रेक नसलेल्या जीपमध्ये, घाटातल्या वळणांवर, कुणाच्या पोराला बसवणार?

राहिले दोन पर्याय. एक, पुढची किंवा मागची चाकं उचलून नेणारी टोईंग व्हॅन. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाकं उचलली की काम भागतं. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर जाणाऱ्या जीपची मात्र जमिनीवरची दोन चाकं फिरत राहतात. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) न्यूट्रलला पडत नसेल आणि प्रोपेलर शाफ्ट (चाकांपर्यंत जोर नेणारा दांडा) काढलाही नसेल, तर आत तेल आहे की नाही हेही माहीत नसलेला गिअरबॉक्स शंभर किलोमीटर गरगरत राहतो. दुसरा पर्याय फ्लॅटबेड, चारही चाकं वर. घाटासाठी माझं मत स्पष्ट आहे: फ्लॅटबेडच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

चौकशी गॅरेजपासून सुरू करा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही जुन्या मेकॅनिककडे दोन-तीन फ्लॅटबेडवाल्यांचे नंबर असतात. फोनवर गाडीचा फोटो मागवाच. आम्हाला एकाने फ्लॅटबेड म्हणून सांगितलं आणि फोटोत निघाली चाकं उचलणारी व्हॅन. भाडं जाऊन-येऊन दोन्ही बाजूंचं धरलंय का, टोल आणि थांबल्याचे पैसे कुणाचे, हे आधीच बोलून घ्या. रत्नागिरीकडे गाडी सोडून रिकामा परतणारा भेटला तर भाडं बरंच उतरतं, फक्त तारीख त्याच्या सोयीची असते. विम्यासोबत मिळणाऱ्या मोफत टोईंगवर विसंबू नका. त्याला किलोमीटरची मर्यादा असते आणि विमा संपलेल्या गाडीला त्याचा उपयोगच नाही.

वाडीतला रस्ता चिऱ्याच्या गडग्यांमधून जाणारा. तिथे फ्लॅटबेड वळणार नाही हे आधी जाऊन पाहिलं होतं, म्हणून जीप डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत न्यायची ठरवली. मागचे ड्रम जाम होते. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी हातोडीने ड्रमला चहूबाजूंनी हलके ठोके दिले, तेव्हा चाक कुरकुरत फिरलं. हवेचा छोटा पंप बरोबर न्या. टायर हवा धरत नसेल तर गावातून उसनी चाकं मिळवा, कारण बसलेल्या टायरवर फ्लॅटबेडची विंच, म्हणजे वायरने गाडी वर ओढणारं यंत्रसुद्धा दमतं.

चढवण्याआधी चॅसी नंबर घासून स्वच्छ करा, त्यावर कागद धरून पेन्सिलने छाप घ्या आणि आरसी बुकाशी एकेक आकडा ताडून पाहा. आमचा ३ की ८ असा एक आकडा गंजात बुजला होता. रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर ३ स्पष्ट दिसला, मगच उरलेले पैसे मोजले.

खरं कसब बांधण्यात आहे. जीप तोंड पुढे करून चढवली, म्हणजे इंजिनाचं वजन केबिनकडे राहतं. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये न ठेवता पहिला गिअर टाकला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. मामेभाऊ चॅसीवरून पट्टा घ्यायला लागला तसे ड्रायव्हरमामा म्हणाले, "दादा, पट्टा चाकावरनं घ्या. चॅसीवरनं आवळला की स्प्रिंगचे पाटे दबत्यात, खड्ड्यात पट्टा ढिला पडतोय अन् गाडी वर नाचाय लागत्या." त्यांनी चारही टायरवरून पट्टे घेतले, पट्टा आवळणारे दातेरी रॅचेट मारले आणि विंचची वायर सोडली नाही, पण ताणही तिच्यावर ठेवला नाही. हूड काढून घडी करून ठेवा, वाऱ्याने फाटतं. काच बांधा, बॅटरीची वायर काढा.

साखरप्याला थांबून पट्टे पुन्हा तपासले. दोन रॅचेटला चक्क दोन-दोन दात जास्त बसले. इथून चढ लागतो आणि सगळं ओझं मागे येतं, त्यामुळे ही तपासणी टाळू नका. वर आंबा गावात परत एकदा पाहिलं, तेव्हा सगळे पट्टे ताठ होते. घाट दिवसाउजेडी चढा. रात्री गवे रस्त्यावर येतात, पावसाळ्यात धुक्यात पुढचं वळण दिसत नाही. जुलै २०२१ च्या पावसात हा रस्ता खचला होता, हे लक्षात ठेवून जून ते सप्टेंबर ही मोहीम काढूच नये. पुढे मलकापूर, बांबवडे, वाघबीळ. चौपदरीकरणामुळे जिथे वळणरस्ता काढलाय तिथे मामा गाडी अगदी सावकाश घालत होते. गळीत हंगामात संध्याकाळी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागे दिवा असतोच असं नाही.

जीप घरी न नेता थेट गॅरेजात उतरवली. पेठेतल्या बोळात फ्लॅटबेडचा पाळणा मागे सरकायला जागा नसते. गॅरेजवाल्याला वेळ सांगून ठेवा आणि दारातली जागा मोकळी करून घ्या.

कागदांचं काम लांबवू नका. एमएच ०८ ची (रत्नागिरी) गाडी एमएच ०९ मध्ये (कोल्हापूर) आणताना मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० विकणाऱ्याच्या सहीसह तिथेच भरून घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. १५ वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवावी लागते, ती संपलेली असेल तर थकलेला कर कोण भरणार हे सौद्यातच लिहून घ्या.