तुम्ही विचारलंत म्हणून: बादल्या पालथ्या का?

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत हे मला प्रत्येकानं एकदा तरी विचारलंय, की वैनी, नळ पाच-सहा दिवसांनी येतोय आणि तुम्ही न्हाणीतली उरलेली बादली नारळाला ओतून पालथी काय घालता? माज आलाय, असं तोंडावर कोण म्हणत नाही एवढंच. तर ऐका एकदाचं.

राकसकोप धरणाचं पाणी असो नाहीतर हिडकलचं, नळ आला की घरात लगीनघाई. त्या दिवशी संपचं, म्हणजे जमिनीतल्या टाकीचं, झाकण उघडं, आत पाईप सोडलेला, आणि मी तिथून हलले नाही, कारण भीती सगळी संपचीच ना! पोरगी 14 महिन्यांची, भिंत धरून चालणारी. न्हाणीत कपडे भिजवायची बादली, अर्धीसुद्धा नाही. सासूबाई साबण आणायला आत गेल्या तर त्यांना दोन पाय दिसले. बादलीच्या काठावर नुसते पाय, एकातच पैंजण, आणि हलत नव्हते.

शेजारचे आजोबा म्हणत होते उलटी धरा, पोट दाबा, पाणी काढा. नणंद तेव्हा नर्सिंग शिकत होती, तिनं कुणाचं न ऐकता पोरीला फरशीवर आडवं केलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास दिला. तिसऱ्या का चौथ्या श्वासाला पोरगी खोकली, ओकली, मग रडली. 108 ची गाडी आली, रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं.

कितीतरी दिवस मी सांगत होते, विणकामाच्या मागाचा खडखडाट होता म्हणून ऐकू आलं नाही. खोटं होतं ते. ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. तोंड पाण्यात असलं की पोर ओरडणार कुठून? त्या वयात डोकं जड, वाकलं की तोल जातो, परत वर यायची ताकद हातात नसते, 2 इंच पाणी पण पुरतं.

मग पाणी साठवू नको काय? साठवतेच की. बॅरलला झाकण, झाकणावर दगड. तो दगड पोराच्या पायावर पडला तर, हे नवऱ्यानं विचारून झालंय. पोरगी आता 8 वर्षांची आहे, बादली पालथी घालायची गरज उरली नाही, हेही कळतंय मला.

वरच्या मजल्यावर भाडेकरूंचं बाळ रांगायला लागलंय, न्हाणीत बादली काठोकाठ. चारदा सांगितलं. पाचव्यांदा गेले तर बाळाची आई म्हणाली, "काकू, ओतते की, पण परत नळ कधी येणार तेवढं सांगा." मी तशीच खाली आले.