संपूर्ण की संयुक्त? आठवीतली एक खूण आणि बारावीपर्यंतची भाषा

आठवीच्या वर्गात कधीतरी जूनमध्ये एक छोटा कागद घरी येतो. संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत, की हिंदी-संस्कृत संयुक्त, यांपैकी एकावर खूण करून पालकांची सही मागितलेली असते. पुण्यात या कागदावर साधारण दोन मिनिटं विचार होतो. शेजारच्या ताईने संस्कृत घेतलं होतं, तिला ९८ पडले, मग आपणही घेऊ, इथवरच. खरं तर ही खूण पुढची तीन वर्षं हलत नाही आणि अकरावीच्या विषयांवरही तिची सावली पडते. म्हणून आधी राज्य मंडळाच्या दहावीत भाषांचा हिशोब कसा मांडतात ते समजून घ्यावं आणि मग पेन उचलावं.

दहावीला सहा विषय आणि ६०० गुण. त्यातले निम्मे, म्हणजे ३००, भाषांचे. मराठी माध्यमात मराठी प्रथम भाषा आणि इंग्रजी तृतीय भाषा असते. इंग्रजी माध्यमात इंग्रजी प्रथम आणि मराठी द्वितीय. उरलेल्या जागी हिंदी, संस्कृत किंवा संयुक्त. खरा पर्याय या एकाच जागेवर आहे. प्रत्येक भाषेची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. संयुक्तमध्ये १०० गुणांचे दोन भाग होतात, हिंदीला ५० आणि संस्कृतला ५०. प्रत्येकाची ४० गुणांची वेगळी लेखी परीक्षा असते आणि बाकीचे १० अंतर्गत.

पुस्तकं घेताना इथेच पहिला घोळ होतो. अप्पा बळवंत चौकात जाऊन नुसतं 'दहावीचं मराठी द्या' म्हटलं तर दुकानदार उलट विचारेल, आणि विचारलं नाही तर तुम्ही सांगा. मराठी प्रथम भाषेचं पुस्तक 'कुमारभारती', इंग्रजी माध्यमासाठी द्वितीय भाषा मराठीचं 'अक्षरभारती'. हिंदी संपूर्णचं 'लोकभारती', संयुक्तचं 'लोकवाणी'. संस्कृत संपूर्णचं 'आमोदः', संयुक्तचं 'आनन्दः'. गाइड आणि जुन्या कृतिपत्रिकांचे (म्हणजे प्रश्नपत्रिकांचे) संच घेताना हीच नावं मुखपृष्ठावर पाहून घ्या. संपूर्णवाल्याच्या हातात संयुक्तचा संच पडला की मूल सहामाहीपर्यंत निम्म्याच अभ्यासक्रमाचा सराव करत राहतं. पुस्तक हाताशी नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात.

आता 'संस्कृत स्कोअरिंग असतं' या पुणेरी सिद्धांताकडे वळू. तो खोटा नाही. विभक्ती, धातुरूपं, संधी, समास यांची उत्तरं एकतर बरोबर असतात किंवा चूक, तपासणाऱ्याच्या मर्जीला वाव कमी. निबंधात आठपैकी सहा मिळणार की सात, ही धाकधूक तिथे नसते. पण टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर काढली जाते, म्हणजे सहापैकी सर्वांत कमी गुणांचा विषय गळतो. हे लक्षात घेतलं की सिद्धांताची धार थोडी बोथट होते.

आकडे घालून बघा. मराठी ७८, इंग्रजी ८२, गणित ८८, विज्ञान ८५, सामाजिक शास्त्रं ९० आणि संस्कृत ९६. मराठी गळली, बेरीज ४४१, टक्के ८८.२. त्याच मुलीने संपूर्ण हिंदी घेऊन ७५ मिळवले असते तर हिंदी गळली असती, बेरीज ४२३, टक्के ८४.६. फरक मोठा आहे. पण हिंदीत ७५ ऐवजी ७० पडले असते तरी टक्के ८४.६च राहिले असते, कारण तो विषय तसाही बेरजेत नव्हता. म्हणजे ज्याचं संस्कृत खरोखर नव्वदीत जाणार आहे त्यालाच फायदा. ज्याचं ते पंचाहत्तरीत अडकणार आहे, त्याने आठवी ते दहावी तीन वर्षं शब्दरूपं घोकून गुणपत्रिकेत फारसं काही मिळवलेलं नसतं. आठवीच्या पहिल्या घटक चाचणीत रूपं पाठ होत नाहीत, पाठ झाली तर वाक्यात ओळखता येत नाहीत, असं दिसत असेल तर त्याच महिन्यात शाळेशी बोला. सहामाही झाल्यावर शाळा सहसा बदल करून देत नाहीत, आणि नववीत नव्याने संपूर्ण संस्कृत घेणं म्हणजे आठवीचं सगळं पुस्तक सुट्टीत उरकणं.

संयुक्तला 'मधला मार्ग' म्हणतात, पण तो सोपा मार्ग नाही. दोन पुस्तकं, दोन व्याकरणं, दोन लेखी परीक्षा, आणि गुण मात्र एकाच विषयाचे. हिंदी बऱ्यापैकी येतं, संस्कृतची तोंडओळख हवी, आणि घरात बदलीची नोकरी असल्याने हिंदी सोडणं परवडणार नाही, अशांसाठी तो योग्य. केवळ 'अर्धंच संस्कृत आहे' म्हणून घेऊ नये.

(२०२५ मध्ये तिसऱ्या भाषेवरून जो गदारोळ झाला आणि जे शासन निर्णय २९ जूनला मागे घेतले गेले, ते पहिलीपासूनच्या वर्गांबद्दलचे होते. आठवीच्या या कागदाशी त्यांची गल्लत करू नका.)

उत्तीर्ण होण्याचा नियम बहुतेकांना '३५ गुण' एवढाच ठाऊक असतो. दहावीच्या भाषांना गटाची सवलत आहे. तिन्ही भाषांत मिळून ३००पैकी किमान १०५ गुण आणि प्रत्येक भाषेत किमान २५ असतील तर भाषांचा गट सुटतो. गणित आणि विज्ञानालाही असाच नियम आहे, दोन्ही मिळून ७० आणि प्रत्येकी किमान २५. उदाहरणार्थ मराठी ५०, हिंदी ३०, इंग्रजी २७. बेरीज १०७, सगळे पंचविसाच्या वर, म्हणजे उत्तीर्ण. मराठी ६०, हिंदी ४०, इंग्रजी २४ असेल तर बेरीज १२४ असूनही नियम इंग्रजीला वाचवत नाही. म्हणून इंग्रजी कच्ची असलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी मराठी आणि हिंदीत पंचावन्न-साठपर्यंत जाण्याची मेहनत घ्यावी, आणि इंग्रजीत २५ची खूणगाठ पक्की बांधावी.

या सवलतीचा हिशोब पुढे चुकता करावा लागतो. बारावीला इंग्रजी सर्व शाखांत सक्तीची आहे आणि तिथे ती स्वतःच्या ३५ गुणांवर उभी राहते. दहावीत २७वर निभावलेली इंग्रजी बारावीत आपोआप सुधारत नाही. अकरावीचं वर्ष क्लासच्या गणितात आणि भौतिकशास्त्रात जातं, आणि फेब्रुवारीत लक्षात येतं की ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत गद्य ३४, पद्य १४, लेखन १६ आणि कादंबरी १६ असा पसारा आहे. त्यातला लेखनाचा भाग सरावाने सर्वांत लवकर हाती येतो, आणि कादंबरीचे उतारे आधी वाचलेले नसतील तर तिथले १६ गुण जवळपास सोडूनच द्यावे लागतात. काठावर सुटलेल्यांनी दहावीच्या निकालानंतरची सुट्टी इंग्रजीला द्यावी.

मराठीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण 'मातृभाषाच आहे' म्हणून तिचा अभ्यास शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. कुमारभारतीची विभागणी अशी: गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. म्हणजे ८०पैकी ४० गुण भाषाभ्यास आणि लेखनाचे. पाठ कितीही वेळा वाचले तरी या चाळिसात त्यांची फारशी मदत होत नाही. उपयोजित लेखनात पत्र किंवा सारांश ६ गुणांना, बातमी, जाहिरात, कथा यांपैकी दोन प्रत्येकी ५ गुणांना आणि निबंध ८ गुणांना. गुण कुठे जातात? औपचारिक पत्राला विषय लिहायचा राहतो, पाठवणाऱ्याच्या पत्त्याखाली ई-मेल नसतो, बातमीला मथळा असतो पण स्थळ-दिनांकाची ओळ नसते, कथेला शीर्षक नसतं. कृतिपत्रिकेवरच छापलेलं असतं की आकृत्या पेनाने काढाव्यात, तरी मुलं पेन्सिलीने चौकटी आखतात. काही जण उलट टोक गाठतात आणि जाहिरातीत चित्रं रंगवत बसतात. उपयोजित लेखनात गुण शब्दांना असतात, चित्राला नाहीत, आणि तिथे गेलेली दहा मिनिटं निबंधातून वजा होतात.

अंतर्गत २० गुण 'शाळा देतेच' म्हणून सोडून देणारे २०१९चा निकाल विसरतात. त्या वर्षी भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून घेतले होते आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. एवढी घसरण फक्त याच कारणाने झाली असं नाही, पाठ्यपुस्तकंही नवी होती. पण लेखी परीक्षेत किती मुलं काठावर असतात ते तेव्हा दिसलं. त्यामुळे श्रवण, भाषण आणि स्वाध्यायाच्या तारखा चुकवू नका. आजारपणामुळे चुकल्या तर शाळेला लेखी कळवून त्या पुन्हा घेण्याची विनंती लगेच करा, गुण मंडळाकडे गेल्यावर कुणी काही करू शकत नाही.

सीबीएसईच्या घरांत चित्र वेगळं असतं. तिथे दहावीला दोनच भाषा लागतात, त्यातली एक हिंदी किंवा इंग्रजी असायला हवी, आणि उत्तीर्णतेची रेषा ३३ टक्क्यांची. २०२०च्या कायद्यानुसार राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, पण दहावीच्या गुणपत्रिकेवर मराठी उमटायची असेल तर ती दोनपैकी एक भाषा म्हणून किंवा जादा विषय म्हणून नोंदवलेली असावी लागते. तिचा सांकेतांक ००९. शाळेत मराठीचा तास होतो म्हणजे ती बोर्डाला आहे असं धरून चालू नका.

अकरावीला राज्य मंडळात इंग्रजीबरोबर दुसरी भाषा येते: मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन, फ्रेंच वगैरे. विज्ञान आणि वाणिज्य शाखेत तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येतं. त्याची ८० गुणांची परीक्षा संगणकावर होते आणि २० गुण प्रात्यक्षिकाला. संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा द्विलक्षी अभ्यासक्रम घेतला तर दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय असे दोन्ही त्यात जातात. सीबीएसईतून राज्य मंडळात येणाऱ्यांना हा दुसऱ्या भाषेचा रकाना अनपेक्षित असतो, कारण त्यांच्याकडे अकरावीला एकच भाषा पुरते.

अडचण ही की ऑनलाइन केंद्रीय प्रवेशात तुम्ही महाविद्यालय, शाखा आणि माध्यम निवडता, दुसरी भाषा नाही. ती प्रवेश मिळाल्यावर महाविद्यालयात ठरते, आणि तिथे तुमच्या तुकडीला संस्कृत किंवा जर्मनचा वर्ग असेलच असं नाही. जागा मर्यादित असतात, द्विलक्षीच्या तर असतातच. पहिल्या पसंतीचं महाविद्यालय लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, त्यामुळे हे सगळं पसंतीक्रम भरण्याआधी विचारायचं. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत भाषा दिलेल्या असतात, पण त्या अनुदानित तुकडीला आहेत की विनाअनुदानित, हे कार्यालयात जाऊन विचारावं. परकीय भाषेबद्दल आणखी एक प्रश्न विचारा: सुरुवात मुळाक्षरांपासून होते की दहावीपर्यंतचं शिक्षण गृहीत धरतात? अकरावीचं संस्कृतचं पुस्तक एकदा चाळलं की दहावीचा पाया का लागतो ते कळेल.

कुठली घ्यावी? वैद्यकीयला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की नीटच्या पात्रतेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्राबरोबर इंग्रजीतही उत्तीर्ण असावं लागतं. आयआयटी-एनआयटीसाठी बारावीच्या ७५ टक्क्यांचा हिशोब पाच विषयांचा असतो, त्यात एक भाषा येते. तिथे इंग्रजीत ६२ असतील आणि मराठीत ८४, तर मराठी घेतल्याचं सार्थक होतं. 'आयटीला अभ्यास लागत नाही' म्हणून आयटी घेणाऱ्याकडे मात्र भाषा म्हणून फक्त इंग्रजी उरते. वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांना 'युवकभारती' या अकरावी-बारावीच्या मराठी पुस्तकातलं उपयोजित मराठी खरोखर उपयोगी पडतं: अकरावीत सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद, बारावीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख. बारावीला या भागाला १४ गुण आहेत आणि तयारी केली तर ते बहुतेक सगळे मिळतात.

शेवटचा तपास परीक्षेच्या अर्जाचा. अर्ज शाळा भरते, पण त्याची प्रीलिस्ट, म्हणजे अर्जातली माहिती तपासण्यासाठीची छापील प्रत, सहीसाठी तुमच्या हातात येते. तेव्हा नावाचं शुद्धलेखन जितक्या बारकाईने बघता तितक्याच बारकाईने भाषांचे रकाने बघा: संपूर्णच्या जागी संयुक्त तर पडलेलं नाही? प्रथम आणि द्वितीय भाषेची अदलाबदल? प्रवेशपत्र आल्यावर पुन्हा एकदा. तिथे चूक दिसली तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जा, दुरुस्ती शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जाते.

आणि भाषा राहिलीच तर दहावीत एक किंवा दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीत प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. उत्तीर्ण झालेल्याला गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजना आहे, पण तिथे सगळेच विषय पुन्हा द्यावे लागतात, एकटी इंग्रजी नाही.