भिंतीला सिमेंट चालत नाही म्हणजे काय?

गॉथिक म्हटलं की आपल्याला सीएसएमटी आठवतं, नाहीतर राजाबाई टॉवर. म्हणजे दगड. उत्तर जर्मनीतलं गॉथिक मात्र विटांचं. हिमनद्यांनी गाळ आणून पसरलेल्या या सखल प्रदेशात खाणीचा दगड दुर्मीळ. शेतात सुटे धोंडे मिळत, ते जोत्यात गेले. वर सगळी भाजकी वीट. ल्युबेकच्या मारियनकिर्शं चर्चचं कमानदार छत ३८.५ मीटर उंच आहे. विटांचं इतकं उंच कमानदार छत जगात दुसरं नाही.

वीट साधारण २८ × १४ × ९ सेंटिमीटर, आपल्या विटेच्या जवळपास दुप्पट. माती शरदात खणायची, हिवाळ्यात उघड्यावर टाकायची. गोठून-वितळून ढेकळं आपोआप फुटतात. सुकताना आणि भाजताना वीट आकसते, म्हणून साचा मोठा करावा लागतो. नक्षी दगडासारखी कोरता येत नाही, त्यामुळे प्रत्येक गोलाईचा साचा वेगळा. भिंतीत दोन लांब विटांनंतर एक आडवी आत घुसवलेली, पुढच्या काळात एकाआड एक. या आत जाणाऱ्या विटांत कंजुषी केली, तर दर्शनी थर आतल्या भरावापासून सुटतो.

खरी गंमत दर्जांमध्ये, म्हणजे दोन विटांमधल्या मसाला भरलेल्या सांध्यांमध्ये आहे. उत्तर जर्मनीतल्याच ल्युनेबुर्ग गावातल्या टेकडीचं नाव काल्कबेर्ग, म्हणजे ‘चुन्याचा डोंगर’, पण निघायचा त्यातून जिप्सम! गावातल्या जुन्या भिंती त्याच्याच मसाल्यात बांधल्या. जिप्सम प्रमाणाबाहेर भाजला गेला, तर तो आधी पाणी घेत नाही. भिंतीत बसल्यावर हळूहळू ओल शोषतो आणि फुगतो. तिथल्या एका घराची भिंत अशी पोटासारखी बाहेर आली आहे. लोक त्याला ‘गरोदर घर’ म्हणतात.

म्हणूनच दुरुस्तीचा पहिला नियम: दर्जेतला तुकडा काढून तपासा. जिप्सम निघाला तर साधं सिमेंट वर्ज्य. ओल आली की दोघांच्या संयोगातून एट्रिंगाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक वाढतात, जागा मागतात आणि सांधा फोडतात. दर्जा रुंदीच्या किमान दुप्पट खोल, हातानं उकरायची. ग्राइंडरनं विटेची कड जाते. नवा मसाला विटेहून मऊ हवा, म्हणजे झीज झालीच तर मसाल्याची होते.

विटेचं कौतुक आपल्याला कुणी शिकवायला नको. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचंच, आणि या चर्चांहून कित्येक शतकं जुनं. पण पुण्यातल्या वाड्यांना आपण काय लावतो? सिमेंटचा गिलावा! आत ओल कोंडते, क्षार साचतात, विटेची माती होते. आता सिमेंटऐवजी चुना लावावा, तर तो सावकाश पकडतो, डोक्यावर चार महिने पाऊस, वाड्यात पाच भाऊबंद आणि प्रत्येकाचा गवंडी वेगळा. थांबणार कोण? इथे जर्मनीत ओल काही कमी नसते, हे मान्य; पण बिल भरणारा बहुतेक एकच असतो.

आणि शहाणपण जर्मनांनाही उशिराच आलं. विसाव्या शतकात इथेही सिमेंट भरलं गेलं. ते आता छिन्नीनं काढताना बऱ्याचदा जुन्या विटेचा पापुद्राही सोबत निघून येतो.