ओल्या कचऱ्याची नोंदवही: सातवा महिना

या महिन्याची नोंद मुद्दाम थांबवून ठेवली होती. पहिल्या ड्रममधलं खत चाळून हातात येईपर्यंत लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. काल चाळलं. १९ किलो ओला कचरा आणि ५ किलो पाचोळा घातला होता, त्यातून साडेचार किलो खत निघालं. काळपट, भुसभुशीत, मुठीत घेतलं तरी हाताला न चिकटणारं. वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते बनवतात ॲक्टिनोमायसीट्स नावाचे जिवाणू. ड्रममध्ये दिसणारे राखाडी-पांढरे धागे बहुतेकदा त्यांचेच. आधी मी ते बुरशी समजून उचलून टाकत होते. नव्याने सुरू करणाऱ्यांनी ते तसेच राहू द्यावेत.

नव्या वाचकांसाठी मागचं थोडक्यात. सुरुवातीला माझं सगळं लक्ष प्लास्टिकवर होतं: कापडी पिशव्या, स्टीलची बाटली, सुट्या मालासाठी डबे. मग पहिला महिनाभर घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पिशवीचं वजन केलं. एकूण २१ किलो, त्यातला १६ किलो ओला. ज्याच्यामागे मी धावत होते तो कचरा पाव भागसुद्धा नव्हता. शिवाय ओला कचरा ढिगाऱ्याखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, आणि १०० वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. तेव्हापासून प्लास्टिकच्या सवयी चालू ठेवल्या, पण जीव लावला तो ड्रमला.

तिसऱ्या आठवड्यात फसलं होतं, ते सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचं इथेच सुटतं. झाकण उघडलं की आंबूस, डोळ्यांना झोंबणारा वास. तळाशी तीन बोटं काळं पाणी. आईने ड्रम घराबाहेर काढायला सांगितलं आणि तिचं बरोबरच होतं. कर्ब (पाचोळ्यात जास्त) आणि नत्र (ओल्या कचऱ्यात जास्त) यांचं प्रमाण ३०:१ च्या आसपास हवं, हे मी वाचलं होतं. पण ते गुणोत्तर घटकांचं आहे, मुठींचं नाही. रोजच्या बादलीवर मी मूठभर पाचोळा टाकत होते. पाहिजे होता आकारमानाने दुप्पट-तिप्पट.

सगळं जुन्या चादरीवर ओतलं. तळाला आणि बाजूंना भोकं पाडली, ड्रम विटांवर चढवला, खोक्यांचा जाड पुठ्ठा हाताने फाडून पाचोळ्यासोबत मिसळला आणि परत भरला. चौथ्या दिवशी वास गेला. तेव्हापासून दर दोन दिवसांनी मूठ दाबून बघते: एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाचोळा, मूठ उघडल्यावर सगळं विस्कटून पडलं तर पाण्याचा हबका. वासाचंही आता कळतं. अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त, सडक्या अंड्याचा म्हणजे हवा कमी. उपाय दोन्हीला जवळपास एकच, पाचोळा घालायचा, पण दुसऱ्यात आधी उलथायचं.

तापमानाची नोंदही ठेवतेय. घरात २७ अंश असताना ड्रमच्या मध्यभागी सर्वात जास्त ४१ अंश मिळालं. घनमीटरभर ढीग असेल तर ५५ ते ६५ पर्यंत जातं आणि त्यात रोगजंतू, तणांच्या बिया मरतात. छोट्या ड्रममध्ये उष्णता टिकतच नाही, त्यामुळे खत होतं पण बिया तगतात. खत घातलेल्या दोन कुंड्यांत मी न लावलेली रोपं उगवली आहेत. मला ती आवडली, म्हणून ठेवली आहेत.

पाचव्या महिन्यात जाड, मळकट रंगाच्या अळ्या आल्या. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. कचरा झपाट्याने खातात, माशी चावत नाही, घाबरण्यासारखं काही नाही. मात्र पूर्ण वाढ झालेल्या काळ्या अळ्या कोरडी जागा शोधत बाहेर चढतात. एका सकाळी अकरा अळ्या फरशीवर होत्या. आता झाकणाखाली बारीक जाळी आहे.

चाळताना खरी शिकवण मिळाली. चहाच्या पिशव्यांच्या जाळ्या पाच महिन्यांनीही जशाच्या तशा, आतली पानं तेवढी गेलेली. म्हणजे त्या कागदी वाटणाऱ्या पिशव्यांतही प्लास्टिक होतं. फळांवरची चिकटपट्टीही शाबूत, तिच्यावरचा क्रमांक वाचता येत होता. सगळं वेचायला पाऊण तास लागला. आता सुटा चहा, आणि फळं घरात आल्या आल्या पट्ट्या काढणं. दुकानातल्या बिलांचा गुळगुळीत कागदही टाकत नाही, त्यावर बहुधा बिस्फेनॉल या रसायनाचा थर असतो.

विजेकडे या महिन्यात थोडंच बघितलं, पण एक हिशेब डोक्यातून जात नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायचं म्हणजे साधारण ०.४७ युनिट. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा ५० तासांहून जास्त जळतो. खोलीतला दिवा राहिला तर आम्ही एकमेकांवर ओरडतो आणि गरम पाण्याचा नळ वाहत राहिला तर कुणी बोलत नाही. कपडे आता गार पाण्यात धुते, अगदी तेलकट सोडून. नळाला गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरते. रोज चारेक लिटर जमतं, ते कुंड्यांना जातं.

दुसऱ्या ड्रमचा आज बारावा दिवस, तापमान ३९. या वेळी नवा कचरा घालण्याआधी जुन्या खताचं दोन ओंजळी विरजण लावलं होतं. पहिल्या ड्रमला एवढी ऊब धरायला तीन आठवडे लागले होते. चाळणीवर उरलेल्या काड्या आणि गाठीही त्यातच टाकल्या. काळजी आहे ती पाचोळ्याची. पोतं अर्ध्यावर आलंय आणि उरलेल्याला तळाशी ओल लागलीय. दमट हवेत पाचोळा कसा साठवता, हे ज्यांनी करून बघितलंय त्यांनी सांगा. मी तोवर पुठ्ठे फाडून ठेवतेय.