विंडोज, लिनक्स की ओपनबीएसडी? आधी फोनवर सांगून बघा

परवा ऑफिसात नवीन लागलेल्या पोराने विचारलं, दादा, नेटवर्किंगच्या कामाला कुठली ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) बेस्ट? मी नेहमीसारखं "काम काय आहे त्यावर आहे रे" असं गुळमुळीत सांगून सटकलो. पण खरं सांगायचं तर माझं मत ठरलेलं आहे, फक्त ते ज्या कारणाने ठरलंय ते कुठल्याच तुलनेच्या व्हिडिओत सापडणार नाही. माझी कसोटी एकच. जुलै महिना, रात्रीचे साडेअकरा, पाटणच्या पुढच्या पीओपीवर (म्हणजे गावात जिथून कनेक्शनं वाटली जातात त्या आमच्या ठिकाणी) एक पोरगा टॉर्च तोंडात धरून उभाय, मी कराडात घरी, आणि मला त्याला फोनवर कमांड सांगायचीय.

आमचं काम म्हणजे केबलवाल्यांच्या जिवावर गावोगाव इंटरनेट पोचवायचं. मोठी कंपनी वगैरे नाही. पीओपीवर असतो तो पोरगा फायबर जोडण्यात वस्ताद, पण कीबोर्ड म्हटलं की घाम फुटतो त्याला. संवाद साधारण असा चालतो:

"आय पी, मग स्पेस, मग ए. एंटर मार."
"आय पी ए, एकत्र?"
"नाही रे, मध्ये स्पेस."
"मारला. लय दिसतंय दादा."
"त्यात ई एन पी तीन एस शून्य कुठाय बघ."
"तीन आकड्यात का अक्षरात?"

ते ई एन पी तीन एस शून्य म्हणजे नेटवर्क कार्डाचं नाव, आणि इथेच लिनक्सने मला दगा दिलाय. पूर्वी सरळ ईथ झिरो, ईथ वन असायचं. दोन कार्ड असली की रीस्टार्टनंतर नावं कधीकधी अदलाबदल व्हायची, म्हणून २०१३ पासून सिस्टीमडीने (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) कार्ड मशीनच्या आत कुठल्या बसवर, म्हणजे जोडणीवर, कुठल्या स्लॉटला आहे त्यावरून नावं द्यायला सुरुवात केली. लॉजिक बरोबर आहे, मला पटतं, पण फोनवर सांगताना जीव जातो. ओपनबीएसडी, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातली दुसरी फुकट ओएस, तिच्यात इंटेलचं पहिलं कार्ड ईएम झिरो, रिअलटेकचं आरई झिरो, विषय संपला. आणि तिथे आयपी असो, व्हीलॅन (एकाच वायरीत वेगळी ठेवलेली नेटवर्कं) असो, वायफाय असो, सगळ्याला एकच शब्द, आयएफकॉन्फिग. लिनक्सवरही तो होता पण आता बऱ्याच ठिकाणी तो इन्स्टॉल केलेलाच नसतो, त्याच्या जागी आयपी ही कमांड आली. जुन्या लोकांची बोटं अजून आयएफकॉन्फिगच टाइप करतात, माझीपण.

आता फोनच्या परीक्षेत पहिला नंबर कुणाचा? विंडोजचा. हो, मला बोलायला जड जातंय पण आहे. "विंडोजचं बटण धरून आर दाब, सीएमडी लिही" हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला येतं, सायबर कॅफेत शिकलेलं असतं. आणि विंडोजचा पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघणारी कमांड) चार वेळा मारून आपोआप थांबतो. लिनक्सवर "दादा, थांबतच नाही हे" असा फोन हमखास येतो. पण मी स्वतः बसलेलो असतो तेव्हा मला तो न थांबणाराच पिंग हवा असतो, कारण त्यात प्रत्येक ओळीला सीक्वेन्स नंबर येतो, मध्येच ४१२ वरून ४१९ वर उडी दिसली की कळतं लिंक नेमकी कधी आणि किती वेळ गेली होती.

ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड, तिचं तर मोठंच नाटक. विंडोजचं ट्रेसर्ट आयसीएमपीची (पिंगच्याच जातीची) पॅकेटं पाठवतं आणि युनिक्सवाल्यांचं, म्हणजे लिनक्स नि ओपनबीएसडीचं, ट्रेसरूट नुसतं चालवलं तर यूडीपी या वेगळ्या जातीची, पोर्ट ३३४३४ पासून पुढे. मधल्या कुठल्या फायरवॉलने (नको ते ट्रॅफिक अडवणारा पहारेकरी) यूडीपी अडवलं की माझ्या स्क्रीनवर नुसते स्टार, आणि ग्राहकाच्या विंडोजवर सगळं स्वच्छ. एकदा वरच्या बँडविड्थवाल्याशी तासभर हुज्जत घातली मी यावरून, आणि शेवटी चूक माझीच निघाली. तेव्हापासून आधी मायनस आय लावतो, म्हणजे लिनक्सवरपण आयसीएमपीच जातं, मगच फोन उचलतो.

आणखी एक नेहमीची तक्रार, "व्हॉट्सॲप चालतंय पण बँकेची साइट उघडत नाही". नव्वद टक्के वेळा मला ऐकताक्षणी एमटीयू (एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा) आठवतो. पीपीपीओई (ग्राहकाला लॉगिन करून नेट द्यायची पद्धत) मध्ये आठ बाइट जातात, १५०० चे १४९२ उरतात, पिंगसाठी हेडरचे २८ वजा करून १४६४. आता "तुकडे न करता १४६४ पाठव" एवढं सांगायला विंडोजवर मायनस एफ मायनस एल, लिनक्सवर मायनस एम डू मायनस एस, ओपनबीएसडीवर मायनस डी मायनस एस. तिन्हीकडे वेगळं! कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं वेगळं जमलं नसतं.

आता माझी लाज. काही वर्षांपूर्वी त्याच पाटणच्या बाजूच्या लिनक्स गेटवेवर (तिथलं सगळं ट्रॅफिक ज्यातून जातं ते मशीन) मी घरून लॉगिन होतो, फायरवॉलच्या नियमांचा पसारा झाला होता, म्हटलं साफ करून नव्याने लिहू, आणि आयपीटेबल्स मायनस एफ (लिनक्सच्या फायरवॉलचे नियम पुसायची कमांड) मारला. नियम सगळे गेले. पण इनपुटची डिफॉल्ट पॉलिसी ड्रॉप (कुठलाच नियम जुळला नाही तर आत येणारं टाकून दे) ठेवलेली होती, ती मायनस एफने जात नाही, ती राहिली. म्हणजे दार उघडणारे नियम तेवढे गेले आणि कुलूप जागच्या जागी. कर्सर गोठला तेव्हाच पोटात गोळा आला. त्या दिवशी पीओपीवर कुणी नव्हतं, किल्ली माझ्याकडे. पावसात गाडी काढली, ४० एक किलोमीटर गेलो, पॉवरचं बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं. सेव्ह केलेले जुने नियम परत लोड झाले, दोन मिनिटांत सगळं सुरू. एवढ्यासाठी चाळीस जायचे आणि चाळीस यायचे.

त्यानंतर मी फायरवॉलला ओपनबीएसडी लावला. त्यातलं पीएफ (त्याची स्वतःची फायरवॉल) २००१ मध्ये ३.० सोबत आलं, आयपीफिल्टर या जुन्या फायरवॉलच्या लायसन्सवरून भांडण झालं म्हणून नवीन लिहावं लागलं, भांडणातून इतकी चांगली गोष्ट निघालेली मी दुसरी बघितली नाही. सगळे नियम एका फाइलीत, आणि ओळ वाचली की वाक्यासारखी वाटते: पास इन, अमुक कार्डवर, टीसीपी, पोर्ट २२. शेवटचा जुळणारा नियम जिंकतो हे सुरुवातीला डोक्यात जायला वेळ लागतो, सासूबाईंसारखं आहे, शेवटचा शब्द त्यांचा. लोड करण्याआधी मायनस एन लावून फाइल तपासता येते, आणि चूक असेल तर जुने नियम तसेच चालू राहतात. अर्थात बरोबर लिहिलेला पण मूर्ख नियम तोही मुकाट्याने लोड करतो, त्याला इलाज नाही. मायक्रोटिकच्या राऊटरमध्ये सेफ मोड आहे, कंट्रोल एक्स दाबून काम करा, कनेक्शन तुटलं की केलेले बदल आपोआप मागे. ही सोय मला सगळीकडे हवीय. लिनक्सवर मी आता कशालाही हात लावायच्या आधी पाच मिनिटांनी रीबूटचं लावून ठेवतो, सगळं नीट झालं की कॅन्सल.

तरी सगळीकडे ओपनबीएसडी लावा असं मी म्हणणार नाही. ट्रॅफिक वाढलं की तो हाफतो, एकापेक्षा जास्त कोअर वापरण्यात लिनक्स कितीतरी पुढे आहे, म्हणून ग्राहकांचं पीपीपीओई त्याच्यावर नाही. आणि माझ्या लॅपटॉपवर लिनक्सच, कारण नेमस्पेस. एका जुन्या लॅपटॉपमध्ये पाच राऊटर उभे करायचे, आपापसात वायरी जोडल्यासारखं जोडायचं, वाटेल तसं मोडायचं, कुठल्याच गावाचं नेट जात नाही. विंडोजचा एक लॅपटॉप कपाटात आहे, विनबॉक्ससाठी (मायक्रोटिक चालवायचं सॉफ्टवेअर) ठेवला होता, आता विनबॉक्स लिनक्सवरही चालतं, तरी फायबर कुठे तुटली ते दाखवणाऱ्या आमच्या मशीनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून त्याची चार्जिंग बघत बसावी लागते.

नव्या पोराच्या मशीनवर काल लिनक्स टाकून दिला, विंडोज ठेवूनच. म्हटलं आधी आपल्या गेटवेला पिंग मारून बघ. आज सकाळी आलो तर स्क्रीनवर ओळी पळतायत, सीक्वेन्स नंबर पन्नास हजारांच्या पुढे. बंद कसा करायचा ते सांगायचं राहिलं होतं.