तुम्ही विचारलंत म्हणून: खोगिराचे केस खरे आहेत का?

आमच्या सॅन अँटोनिओच्या घरी हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक जुनं मेक्सिकन खोगीर ठेवलंय. भारतातून कोणीही आलं की चपला काढून आधी तिकडेच जातं, त्याला लटकवलेले घोड्याच्या केसांचे गोंडे हातात घेऊन बघतं आणि मग दोन प्रश्न ठरलेले, हे केस खरे आहेत का, आणि त्यासाठी घोडा मारतात का. डिसेंबरात मावशी आली होती, तिनेही पाणी पिता पिता हेच विचारलं. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

केस खरे आहेत. एक अपवाद आहे, त्याच्याकडे येतेच. आणि घोडा मारतात का, तर आयाळीसाठी नाही, ती वाढली की कातरतातच. स्पेनमध्ये आल्मोन्ते गावात दरवर्षी २६ जूनला दोन्यानाच्या दलदलीतल्या अर्ध्या रानटी घोड्या शिंगरांसकट हाकत आणतात, आयाळी-शेपट्या कातरतात आणि परत सोडून देतात. शेपटीचे लांबलचक केस मात्र आज बाजारात मिळतात ते बरेचसे कत्तलखान्यातून आलेले असतात, हे लपवण्यात काय अर्थ आहे. आपल्या सारंगीच्या गजालाही घोड्याच्या शेपटीचेच केस लागतात की, तिथे कोणी विचारत नाही एवढंच.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. लोकांना वाटतं हे सगळं शोभेसाठी आहे. शोभा नंतरची हो, आधी काम. खोगिरावर जो दोर गुंडाळून ठेवलाय ना, त्याला मेकाते म्हणतात, शब्द मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला, मेकात्ल म्हणजे दोर. हा आयाळीच्या केसांचा, ताराबिया नावाच्या लाकडी फिरकीने पीळ देत देत वळलेला, साधारण २२ फूट लांब, त्याचाच लगाम होतो आणि उरलेल्या टोकाने घोडा धरून चालवायचा. हातात घ्या, टोचतो. मऊसूत लोकर समजून माझ्या भाचीने गालाला लावला आणि किंचाळली! ते टोचणं मुद्दामच असतं, मानेला एका बाजूने नुसता दोर टेकवला की घोड्याला तो जाणवतो आणि तो दुसरीकडे वळतो, ओढाओढ करावी लागत नाही. शेपटीच्या केसांचा दोर तर अजून राठ.

आणि तंग बघा, पोटाखालून आवळतात तो. स्पॅनिशमध्ये सिंचा. माझ्याकडच्या तंगाला दोन लोखंडी कड्या आहेत आणि मधे सुतळीएवढे बावीस पीळ, काळे, पांढरे आणि तांबूस, कुठेही रंग लावलेला नाही, जसा घोडा तसा केस. मधोमध ते पीळ एकमेकांत ओवून शंकरपाळ्याची नक्षी काढलीये. नक्षी म्हणाल तर नक्षी, पण त्या ओवण्यामुळेच पीळ वेगवेगळे होऊन कातडीत रुतत नाहीत. घाम आला तरी हवा खेळते, आणि केसाला पकड असते म्हणून खोगीर सरकत नाही. स्पेनमध्ये घोड्याच्या कपाळावर केसांची झालर लावतात तिला मोस्केरो म्हणतात, मोस्का म्हणजे माशी. नावातच काम आलं.

एक काम मात्र निव्वळ थाप. रात्री अंथरुणाभोवती केसांचा दोर टाकला की साप ओलांडत नाही असं जुने गुराखी म्हणायचे, इथे टेक्सासात अजून ऐकू येतं. ओलांडतो, आरामात ओलांडतो.

आता माझी फजिती. विकणाऱ्याने मला हे १७०० च्या सुमाराचं अस्सल स्पॅनिश खोगीर म्हणून गळ्यात मारलं, मीही खुळ्यासारखी पैसे मोजून आले. मग खोगीर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेलं तर तो काही न बोलता पुढच्या खुंटावर बोट ठेवून हसला. खुंट म्हणजे खोगिराच्या पुढे वर आलेलं ते लाकडी डोकं, माझ्याकडचं चांगलं बशीएवढं रुंद आणि सपाट. स्पेनच्या खोगिराला ते नसतंच. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसने १५१९ मध्ये तिथे १६ घोडे उतरवले तेव्हाही नव्हतं. पुढे तिथे गुरं अफाट वाढली, घोड्यावरून दोराने पकडायची पद्धत बसली आणि दोराला वेढा घालायला खोगिरावर काहीतरी लागलं, त्यातून हा खुंट आला. दाले वुएल्ता, म्हणजे दे वेढा, त्याचं अमेरिकन काउबॉयांनी डॅली केलं. वेढा घालताना अंगठा मधे सापडला की तुटतो, तशी माणसं आहेत.

म्हणजे माझं खोगीर मेक्सिकन, आणि आतली शिलाई मशीनची, तेव्हा १७०० वगैरे विसरा, फार तर शंभरेक वर्षांचं. नवरा तर माझ्या या सगळ्या पसाऱ्यालाच खोगीरभरती म्हणतो, इतकी वर्षं झाली तरी त्याला त्या विनोदाचा कंटाळा येत नाही.

त्याच म्हाताऱ्याने केस ओळखायचं शिकवलं. प्रत्येक गोंड्यातला एक केस ओढायचा आणि काडेपेटीची काडी लावायची. खरा केस चुरचुरतो, आपले केस जळल्यासारखा घाण वास येतो आणि चिमटीत धरला की राख होते. आम्ही ओट्यावर बशी घेऊन एकेक जाळत बसलो, घरभर वास, चारपैकी तीन पास. चौथा वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. नायलॉन! कोणीतरी आधीच्या मालकाने तुटलेल्या गोंड्याच्या जागी बसवलेला.

तो मी काढला नाही, डावीकडे मागे अजून आहे. सगळ्यात काळाभोर, सगळ्यात चमकदार. मावशीने तोच हातात धरून विचारलं होतं, घोडा मारतात का गं यासाठी.