ट्रॅक मध्येच बंद पडला तर? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या बँडमध्ये कीबोर्ड मी वाजवते आणि ट्रॅकचं, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून गाण्यामागे वाजवायच्या साथीचं, सगळं खातंही माझ्याकडेच आहे, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून मलाच येतो. कुडाळ असो, देवगड असो नाहीतर राजापूर, नवीन बँड काढलेली पोरं येतात आणि विचारतात, "ताई, तुमचो ट्रॅक मधीच बंद कसो पडणा नाय? मशीन खयचा घेतलास?" मांडव आवरताना दोन वाक्यांत हे सांगून होत नाही, म्हणून आज नीट लिहिते.

पहिलं म्हणजे मशीनचा नंबर खूप नंतर लागतो. ट्रॅक कधीतरी बंद पडणारच असं धरून चालायचं आणि तो पडला तरी गाणं पडणार नाही असं बसवायचं. व्हायोलिनचा ताफा, कोरस, एखादी सनई, शेकर असलं ट्रॅकमध्ये टाका, पण ढोलकी, बेस आणि गायकाला सूर देणाऱ्या कॉर्ड्स माणसांच्याच हातात ठेवा. तालमीत मी अधूनमधून न सांगता ट्रॅक म्यूट करते, अंतऱ्याच्या मधोमध, आणि बघते कोण दचकतं. जो दचकतो तो त्या जागी ट्रॅकच्या भरवशावर वाजवत असतो, मग तेवढा भाग पुन्हा नुसत्या ढोलकीवर बसवायचा. ही तालीम केली नसेल तर कितीही भारी लॅपटॉप घ्या, उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, ट्रॅक सुरू आणि बंद करणार कोण? साउंडवाल्या दादांकडे देऊ नका, त्यांच्यामागे आधीच शंभर व्याप असतात, आणि गायकाकडे तर अजिबात नको. आमच्याकडे ऑक्टोपॅडवाला (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) दाबतो, कारण काउंट त्याचा, लय त्याची आणि क्लिकही, म्हणजे लय मोजणारी टकटक, फक्त त्याच्याच कानात. ही रीत जुनी आहे, द हू या इंग्लिश बँडचा ड्रमर किथ मून सत्तरच्या दशकात हेडफोन लावून टेपबरोबर वाजवायचा. आणि त्यांचीही पंचाईत झालेलीच, १९७३ साली न्यूकॅसलला टेप जागेवर आली नाही तेव्हा त्यांच्या गिटारवाल्या पीट टाउनझेंडने भर कार्यक्रमात साउंडवाल्याची गचांडी धरली होती.

क्लिकवर वाजवायला आपल्याकडच्या वादकांना जड का जातं याचं मला वाटणारं कारण सांगते. आपण दशावतार बघत वाढलो, तिथे संवाद लिहिलेले नसतात, पात्र जिकडे नेईल तिकडे पेटी, पखवाज आणि झांज जाते, राजाने आवेशात चार वाक्यं जास्त घेतली तर पखवाजवाला त्याला धरूनच असतो. हा कान फार मोठी गोष्ट आहे, तो घालवू नका. पण क्लिक कुणासाठी थांबत नाही, गायकाने आलाप वाढवला की ट्रॅक पुढे निघून जातो, म्हणून ज्या गाण्यात गायकाला मोकळं सोडायचंय त्या गाण्याला ट्रॅक लावूच नका, आम्ही लावत नाही.

आता तार. गाण्याची फाइल स्टिरिओ करा पण डाव्या बाजूला फक्त क्लिक आणि उजव्या बाजूला सगळा ट्रॅक मोनो. मांडवात आणि रस्त्याच्या कडेला लांबलांब स्पीकर लावलेले असतात, तिथे स्टिरिओ कुणाला धड ऐकू येत नाही, उलट तिथे दोन्ही बाजू एकत्र केल्यावर काही ट्रॅकमधली व्हायोलिनंच गायब होतात, घरीच मोनो करून ऐकलं की ते आधी कळतं. प्लेअरला, म्हणजे ट्रॅक वाजवणाऱ्या मोबाईल-आयपॅडला, ईपी पिन (हेडफोनची बारीक पिन), दुसऱ्या टोकाला दोन पी-३८ जॅक (गिटारला लागतो तो जाड जॅक), उजवा जातो डीआय बॉक्समधून (सिग्नल जुळवून देणारी डबी) कन्सोलला, म्हणजे साउंडवाल्यांच्या मिक्सरला, आणि डावा जातो बॅटरीवरच्या छोट्या हेडफोन अ‍ॅम्पला, म्हणजे क्लिक कन्सोलपर्यंत जातच नाही आणि चुकून लोकांना टकटक ऐकू जायची भीतीच राहत नाही. डीआय बॉक्स ट्रान्सफॉर्मरवाला घ्या, त्याला पॉवर लागत नाही, आणि जनरेटरच्या अर्थिंगमुळे घूंऽ आवाज यायला लागला तर त्या बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की बहुतेक वेळा जातो.

ब्लूटूथ नको म्हणजे नकोच, मांडवात शेकडो मोबाईल असतात आणि गर्दीत तो कधी तुटेल सांगता येत नाही.

आणि लाईट. कोकणात भाद्रपदातला नाहीतर परतीचा पाऊस आला की लाईट जाणार. तेव्हा काय होतं बघा, स्पीकर गप्प, कन्सोल गप्प, पण प्लेअर बॅटरीवर असल्यामुळे चालूच, हेडफोन अ‍ॅम्पही बॅटरीवर, म्हणजे ऑक्टोपॅडवाल्याच्या कानात क्लिक तशीच चाललेली असते. पॅडचा आवाज गेलेला असतो पण तो झांजेवर काठी धरून ठेका सोडत नाही, ढोलकी त्याच्याकडे बघून चालू राहते, पुढची माणसं टाळ्या धरतात, आणि जनरेटर लागून स्पीकर उघडले की ट्रॅक अचूक त्याच मात्रेवर येतो जिथे ढोलकी आहे. लोकांना वाटतं जादू केली, पण ती नुसती तारेची रचना आहे. फक्त डिजिटल कन्सोल पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, त्यामुळे कन्सोलला यूपीएस आहे का हे मी सुपारी घेतानाच विचारते. लाईट लवकर येत नसेल तर ट्रॅक बंद करून ढोलकीवर गाणं संपवायचं, मध्येच पुन्हा लावायचा नाही.

खारी हवा हा आपला खास शत्रू. तारकर्लीसारख्या किनाऱ्यावर कार्यक्रम करून तार तशीच बॅगेत टाकलीत तर काही दिवसांनी जॅकच्या टोकाशी हिरवट थर दिसेल, बोटाने पुसून जात नाही, आणि तोच स्टेजवर खर्र करतो. घरी आल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा आणि डब्यात सिलिका जेल टाका. मे महिन्यात आयपॅड उन्हात ठेवू नका, तो ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेला आहे, जास्त तापला की इशारा देऊन स्वतःच थांबतो.

फाइल्स वेव्हमध्ये ठेवा, मिनिटाला साधारण १० एमबी, हल्ली जागेचा प्रश्नच नाही, आणि एमपीथ्रीच्या सुरुवातीला येणारी बारीक शांतता लूपचा जोड बिघडवते. सगळ्या फाइल्स एकाच सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) हव्यात. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल न बदलता ४८ वर वाजली तर गाणं जलद होतं आणि पट्टी दीड सेमीटोन चढते, काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन बसतं, गायकाने करायचं काय!

एक गाणं म्हणजे एक फाइल, आणि पुढचं गाणं आपोआप सुरू होणं बंद करून ठेवा. आपल्याकडे सत्कार आणि भाषणं लांबतात, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, खास सवलतीचे दिवस सोडले तर, त्यामुळे चार गाणी गाळून थेट शेवटच्यावर उडी मारायची वेळ नेहमीच येते.

मोठ्या टूरवर दोन लॅपटॉप एकदम चालतात आणि पहिला थांबला की रेडियल कंपनीच्या एसडब्ल्यू८ सारखा स्विचर आपोआप दुसऱ्यावर नेतो. आपल्याला तेवढं परवडत नाही, पण ऑक्टोपॅडवाल्याकडे एसपीडी-एसएक्स (फाइल्स भरून वाजवता येणारा रोलँडचा पॅड) असेल तर त्याच फाइल्स त्यातही भरून ठेवा, प्लेअर रुसला तर पुढचं गाणं तिथून. आणि अगदीच सुरुवात असेल तर घरातला जुना मोबाईल पुरतो, हेडफोनचं भोक असलेला, सिम काढलेला, फक्त ट्रॅकसाठीच ठेवलेला. एअरप्लेन मोडवर टाका, आणि अलार्म आठवणीने काढा, कारण एअरप्लेन मोडवरही अलार्म वाजतोच.